नेपाळला मुलांना पाठवा, पण बोलावलं कोणी ते आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत विद्यार्थ्यांच्या परदेशी सेवा सहलींवर नुकतंच एक पान आलं होतं. भूकंपग्रस्त नेपाळमधली शाळा रंगवणारी मुलं, मागे डोंगररांगा, गळ्यात झेंडूच्या माळा, आणि खाली सहभागासाठी संपर्काची चौकट. ते वाचून ओळखीच्या काही पालकांनी मला गाठलं. 'तुम्ही जाऊन आलात ना, आमच्या पोरांना पाठवू का?' जिन्यात उभं राहून प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा आपल्यामार्फत एकदाच देतो. पाठवा. पण सेवा करायला म्हणून पाठवू नका, आणि तिथल्या गावाचं बोलावणं नसेल तर अजिबात पाठवू नका.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गवंडी ट्रेडचा निदेशक होतो. आयुष्य दगडी भिंती आणि अठरा वर्षांची पोरं यांच्यात गेलं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पडलेल्या आणि पडायच्या राहिलेल्या बऱ्याच भिंती हाताखालून गेल्या आहेत. २०१८ च्या मे महिन्यात नातीच्या कॉलेजची सेवा आणि सांस्कृतिक आदानप्रदान सहल नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात निघाली. संयोजकांना बांधकाम कळणारा एखादा ज्येष्ठ माणूस बरोबर हवा होता, म्हणून माझी वर्णी लागली. नात खूश नव्हती. आजोबा सहलीला असणं कोणाला आवडतं?

आधी तिथं झालं काय होतं ते सांगतो, कारण मुलांना ते कोणी नीट सांगितलेलंच नव्हतं. २५ एप्रिल २०१५ ला दुपारी बाराला काही मिनिटं कमी असताना ७.८ तीव्रतेचा धक्का बसला. १२ मे रोजी दुसरा मोठा धक्का. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली आणि त्यातली सर्वांत जास्त या एका सिंधुपाल्चोकमध्ये. तो दिवस शनिवार होता. नेपाळमध्ये शनिवारी आठवड्याची सुट्टी, शाळा बंद. हजारो शाळांच्या इमारती पडल्या किंवा तडकल्या, आणि त्या वेळी वर्गात कोणी नव्हतं. पाचेक लाख घरं पार जमीनदोस्त झाली. त्यांतली बहुतेक मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दगडांची किंवा विटांची. दगडी भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन थर असतात, मधे बारीक भर टाकलेली असते. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नसेल तर धक्क्याने भिंत फुगते, थर सुटतात आणि छप्पर माणसांवर येतं. किल्लारीत हेच झालं होतं. मातीला दोष देणं सोपं असतं, पण मातीच्या गाऱ्यातली नीट बांधलेली भिंतही माणूस वाचवते.

म्हणून नेपाळ सरकारने नवी घरं बांधताना पैसा आणि नियम एकत्र बांधले. प्रत्येक घराला तीन लाख नेपाळी रुपयांचं अनुदान, तेही तीन हप्त्यांत. करार झाल्यावर पन्नास हजार, पाया आणि जोतं तपासून झाल्यावर दीड लाख, भिंती वर आल्यावर उरलेले एक लाख. प्रत्येक टप्प्यावर इंजिनिअर येऊन बघणार. जोत्यावर, खिडकीखाली, चौकटीवर आणि छताखाली आडवे पट्टे आहेत का, उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर आरपार दगड बसवलाय का, कोपरे एकमेकांत गुंतलेत का. त्यात खोट निघाली तर पुढचा हप्ता अडला. आता अशा घराच्या भिंतीवर आयुष्यात पहिल्यांदा थापी हातात घेतलेली वीस पोरं सोडायची, याला सेवा म्हणायचं की घरमालकाच्या हप्त्याशी खेळ, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आमच्या कार्यक्रमात एका एकट्या आजींचं घर होतं. आजी तीन वर्षं पत्र्याच्या टहऱ्यात, म्हणजे तात्पुरत्या शेडमध्ये, राहत होत्या. घराचं जोतं झालेलं, दुसरा हप्ता हातात, आणि पावसाच्या आधी भिंती उभ्या करायच्या अशी घाई. गावात दोनच डकर्मी, म्हणजे गवंडी. बाकीचे तरुण कतार, सौदी, मलेशियात. गावात फिरलं की म्हातारी माणसं, बायका आणि शाळकरी मुलं एवढीच दिसायची. भूकंपानंतरच्या बांधकामाला नेपाळमध्ये पैशाच्या जोडीला हातही कमी पडले, ते असे. आणि त्या दोन डकर्मींतला मोठा सकाळभर आमच्या पोरांना दगड कसा धरायचा ते शिकवत बसला. त्या सकाळी भिंत एक थरही चढली नाही. मी प्राध्यापकांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, मुलांना भिंतीवरून खाली घ्या. दगड वाहू द्या.

दगड वाहायला लागली तेव्हा पुढची गोष्ट निघाली. तिथं ओझं 'डोको'त, म्हणजे बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाहतात, आणि तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर घेतात. सगळा भार मानेतून पाठीवर. सवय नसलेल्याची मान संध्याकाळी वळत नाही. आमच्या पोरांनी दोन खेपांत हार मानली आणि ओळीने उभं राहून हातोहात दगड द्यायला सुरुवात केली. मजेत गाणी म्हणत काम चाललं होतं. बांधाच्या कडेला दोन बायका रिकामे डोको शेजारी ठेवून बसल्या होत्या. हसत होत्या, म्हणून मला वाटलं गंमत बघतायत. नातीने मोडक्या हिंदीत चौकशी केली. त्या रोजंदारीवर दगड वाहायच्या. 'आज तुमची मुलं वाहतायत, म्हणून आज आम्हाला काम नाही,' एवढंच त्यांतली थोरली म्हणाली. कुरकुर नव्हती तिच्या आवाजात. माहिती दिल्यासारखं बोलली.

आमच्या सहलीच्या माहितीपत्रकात स्थानिक समुदायाला सक्षम करण्याविषयी एक अख्खा परिच्छेद होता. त्या परिच्छेदात या दोघी कुठे बसतात ते मला अजून कळलेलं नाही. संयोजकांच्या माणसाशी वाद घालून त्या दोघींची रोजंदारी पुन्हा चालू करायला लावली. मुलं मग त्यांच्या मागोमाग लहान टोपल्या नेऊ लागली. त्याने काम फार पुढे गेलं असं म्हणवत नाही. पण निदान मागे गेलं नाही.

दुसरा उपक्रम शाळेचा. नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात सुरू होतं, आपल्या एप्रिलच्या मध्यावर. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी लागून सहली निघतात तेव्हा तिथं नुकते वर्ग भरलेले असतात, पुस्तकं यायची असतात, नवी मुलं रडत असतात. त्यात आम्ही गेलो. लिपी देवनागरी असल्यामुळे आमच्या मुलांना पाट्या, फळा, पाठ्यपुस्तक सगळं घडाघडा वाचता येत होतं आणि त्यामुळे शिकवताही येईल असा एक गोड समज झाला होता. गाव तामाङ लोकांचं. पहिलीतली मुलं घरात तामाङ बोलतात, शाळेत नेपाळी शिकतात, आणि त्यांच्यापुढे आमची वीस वर्षांची मुलगी इंग्रजी बडबडगीत म्हणतेय. पोरं टाळ्या वाजवत होती. मुख्याध्यापक सर दारात उभे राहून घड्याळ बघत होते. (तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. आमच्या गटातल्या निम्म्या मुलांनी शेवटपर्यंत ते लावून घेतलं नाही आणि सगळीकडे पंधरा मिनिटं उशिरा पोचली.) सरांशी नंतर चहावर बोलणं झालं. फार सभ्य माणूस. त्यांनी सांगितलं, शाळेला पाहुणे आले की वर्ग थांबतात. आले म्हणून आनंद आहे, पण माघ-फागुनात आला असता तर बरं झालं असतं. आम्हाला हे आधी विचारता आलं नसतं का? फोन तर सगळीकडे लागतो.

परतीच्या वाटेवर काठमांडूत अर्ध्या दिवसाची 'अनाथाश्रम भेट' होती. ती आमच्या प्राध्यापिकेने रद्द केली, आणि त्यावरून बराच आवाज चढला. मुलांनी खाऊ आणि खेळणी घेऊन ठेवली होती. पण बाई बरोबर होत्या. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात, हे युनिसेफ वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. १९९६ ते २००६ च्या यादवीत हुम्लासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून दलालांनी आई-बापांना शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं उचलली, पैसे घेतले आणि राजधानीत आणून अनाथ म्हणून ठेवली. बालगृहं पर्यटकांच्या वाटेवरच्या मोजक्या जिल्ह्यांत दाटलेली आहेत, त्यात काठमांडू, पोखराचा कास्की आणि चितवन आलेच. पाहुणा येतो, देणगी देतो, फोटो काढतो, म्हणून मुलं हवी असतात. २०१५ च्या भूकंपानंतर आई-वडिलांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला निर्बंध घालावे लागले, ते याच भीतीने. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला त्या चर्चेत अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या बालव्यापाराचा विषय थेट संसदेपर्यंत नेला. सगळीच बालगृहं अशी आहेत असं मी म्हणत नाही. पण अर्ध्या दिवसात आमच्या मुलांना चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं हे कळणार कसं? आणि ज्या पालकाला आपल्या घरातल्या लेकराला अनोळखी वीस जणांनी मांडीवर घेतलेलं चालत नाही, त्याने तिथल्या लेकरांना ते कसं चालतं असं धरायचं?

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग पाठवा कशाला म्हणता? कारण त्याच सहलीत दोन गोष्टी अशा झाल्या की पोरं मोठी होऊन आली, आणि त्या दोन्हींचा सेवेशी संबंध नव्हता.

एक, घरात राहणं. मुलं दोन-दोन करून गावातल्या घरांत राहिली. नातीच्या वाट्याला आलेली आमा, म्हणजे त्या घरातली आई, पहाटे उठून चूल पेटवायची, म्हशीला चारा घालायची, सकाळी दहाच्या सुमारास पहिलं जेवण वाढायची. डाळ, भात, वर गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी. कधी ढिंडो, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. दुपारी खाजा, म्हणजे हलकं खाणं, रात्री परत जेवण. रोज रात्री तिचा ठरलेला प्रश्न, 'खाना खायौ?' ताटात वाढून दिलेलं असताना विचारायची. नातीला पहिले काही दिवस दुपारी एकला भूक लागायची आणि ती चिडायची. मग लागेनाशी झाली. तिने मकईला माती चढवायला आमासोबत जायला सुरुवात केली, तीही कोणी सांगितलं म्हणून नाही, घरात बसून कंटाळा आला म्हणून. शेतातल्या त्या कामात तिला आमाचा मुलगा कतारमध्ये दोहा शहरात काय करतो, घरी कधी आला होता, भूकंपाच्या दिवशी आमा कुठे होती, हे सगळं कळलं. आमच्या अधिकृत 'समुदाय संवाद' सत्रात लोक ओळीने खुर्च्यांवर बसून हो-नाही एवढंच बोलले होते.

दुसरी गोष्ट त्या मोठ्या डकर्मी दाइची. दाइ म्हणजे थोरला भाऊ, तिथं सगळे तसंच म्हणतात. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर आजींच्या भिंतीपाशी बसायचो. ते कतारमध्ये काँक्रीटच्या कामावर होते, भूकंपाची बातमी ऐकून परत आले ते आलेच. भाषा आमची हिंदी, ती दोघांचीही धड नाही, पण ओळंबा आणि गुण्या मधे असल्यावर फार भाषा लागत नाही. त्यांची अडचण अशी की दोन्ही तोंडांना पुरेल एवढा लांब दगड त्या डोंगरात मिळत नव्हता. मी त्यांना किल्लारीनंतरच्या दुरुस्तीतली युक्ती दाखवली. उभ्या भिंतीतून हलक्या हाताने दगड काढून आरपार भोक करायचं, दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद, डंबेल असतं तसं. त्यात दोन्ही टोकं वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. झाला तुमचा आरपार दगड. जुन्या, न पडलेल्या घरांना तर हे फारच उपयोगी. त्यांनी मला लाकडी पट्ट्यांचे सांधे दाखवले, कोपऱ्यावर दोन पट्टे एकमेकांत कसे खाचून बसवायचे ते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हे इतकं नेटकं पाहिलं नव्हतं. आमच्यातली डिप्लोमा करणारी दोन मुलं शेजारी उकिडवी बसून वहीत आकृत्या काढत होती. एकाने विचारलं, लाकूड कुजलं तर? दाइंनी त्याला वर नेऊन जुन्या पडक्या घरातलं कुजलेलं लाकूड दाखवलं आणि ते कुजलं का, छपराचं पाणी कुठून मुरलं, ते समजावलं. कार्यक्रमपत्रिकेत तो तास 'मोकळा वेळ' म्हणून छापलेला होता.

परदेशी जाऊन मदत करणाऱ्यांची एक जुनी, चांगली परंपराही आहे, म्हणून ही टीका सगळ्यांवर नको. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये पिएर सेरेसोल नावाच्या स्विस इंजिनिअरने फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या उद्ध्वस्त एन गावात स्वयंसेवकांचं शिबिर घेतलं, आणि त्यात कालच्या शत्रूराष्ट्रातले जर्मनही होते. तेच सेरेसोल जानेवारी १९३४ च्या नेपाळ-बिहार भूकंपानंतर भारतात आले, राजेंद्र प्रसादांच्या मदतकार्याशी जोडून घेऊन मुझफ्फरपूर भागात गावं वसवायच्या कामाला लागले, आणि पुन्हा पुन्हा परत आले. हा माणूस हातात कसब घेऊन आला, इथल्या लोकांनी आखलेल्या कामात शिरला आणि टिकला. याच्या उलट बाजूला, १९६८ मध्ये इव्हान इलिच या विचारवंताने मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं होतं, की बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. माणूस फार कडक बोलला. माझ्या मते थोडं जास्तच. पण आमच्या त्या सकाळच्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर त्याचं म्हणणं खोडणं अवघड जातं.

आता पालकांना माझं सांगणं. नेपाळमध्ये १९९७ नंतर थेट २०१७ मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. भूकंप झाला तेव्हा गावाला निवडून दिलेला माणूसच नव्हता. पुढे प्रत्येक वडाला, म्हणजे वॉर्डाला, निवडून आलेला अध्यक्ष मिळाला, त्याचं कार्यालय असतं. तेव्हा संयोजकाला सरळ विचारा, वडा कार्यालयाचं पत्र आहे का? त्यात कोणतं काम मागितलंय? ते काम गावातलं कोणी मजुरीवर करतं का? आणि शाळा असेल तर मुख्याध्यापकांनी कोणता महिना सांगितला? उत्तरं मिळाली नाहीत तर मुलाला साधी सहल म्हणून पाठवा, घराघरांत राहू द्या, राहण्या-जेवणाचे पूर्ण पैसे त्या घराच्या हातात पोचतील एवढं बघा. यात कमीपणा कसला?

आणि महाविद्यालयांना, विशेषतः आमच्या तंत्रशिक्षणवाल्यांना सांगणं वेगळं. या सहलींना जातं कोण? ज्याच्या घरी खर्च झेपतो तो. माझ्या ट्रेडमधलं एकही पोर मी अशा सहलीला गेलेलं पाहिलं नाही, आणि हात चालतात ते त्याचे. नेपाळमध्ये तांत्रिक शिक्षण आणि व्यावसायिक प्रशिक्षणाची परिषद १९८९ पासून आहे, भूकंपानंतर तिथं डकर्मींची मोठी प्रशिक्षणं झाली, त्यांत बायकाही तयार झाल्या. आपल्या गवंडी, सुतारी, वायरमनच्या प्रशिक्षणार्थ्यांना तिकडे एक महिना आणि त्यांच्या प्रशिक्षणार्थ्यांना इकडे एक महिना, असं का होऊ नये? भारतीयांना नेपाळला आणि नेपाळींना भारतात यायला व्हिसा लागत नाही. आमच्या सहलीत वीस जण तिकडे गेले, तिकडून इकडे एकही आला नाही, आणि तरी नाव आदानप्रदान. डकर्मी दाइंना मी म्हटलं होतं, या आमच्याकडे, काळ्या दगडाचं काम दाखवतो. ते म्हणाले, कोणी बोलावलं तर येतो. अजून कोणी बोलावलेलं नाही, आणि माझ्या पेन्शनमध्ये ते बसत नाही.

वेळ मात्र मे महिन्याची नको. दसैं-तिहार, म्हणजे त्यांचे दसरा-दिवाळी, आटोपले, भात आणि कोदो, म्हणजे नाचणी, घरात आले, की मंसिरपासून चैतापर्यंत, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, तिथं बांधकामाचे खरे दिवस असतात. आकाश कोरडं, माती नीट सुकते, माणसं शेतातून मोकळी. कोणत्याही संस्थेला असं काही करायचं असेल तर आरपार काँक्रीट दगडाच्या आणि डकर्मी दाइंच्या लाकडी सांध्याच्या मापांसकट काढलेल्या आकृत्या माझ्याकडे आहेत. आपल्या कार्यालयाकडे त्यांच्या प्रती पाठवून ठेवतो. ज्याला हव्या असतील त्याने आपल्याकडून न्याव्यात.

आपला,
गवंडी ट्रेडचा एक निवृत्त निदेशक